उन्हाळ्याचा अर्ज

एप्रिलच्या अखेरीस आपल्या शाळेच्या वसतिगृहाला कुलूप लागते. गाद्यांच्या वळकट्या एका खोलीत रचल्या जातात, ताटे-वाट्या मोजून कोठीत ठेवल्या जातात आणि दोन दिवसांत सारी इमारत रिकामी होते. माजी विद्यार्थ्यांना हे दृश्य ठाऊक आहे. आपली पत्र्याची पेटी उचलून एस.टी.च्या थांब्याकडे चालत जाताना प्रत्येकाच्या मनात काय होते, हे मात्र आपण एकमेकांना फारसे सांगितलेले नाही. काही मुले आईच्या हातच्या भाकरीच्या ओढीने निघत. काही वीटभट्टीवर जात, काही हळद शिजवण्याच्या कामावर, आणि मोठ्या मुली बहुधा धाकट्या भावंडांना सांभाळायला. सुट्टी हा शब्द सर्वांसाठी एकच होता, तिचा अर्थ मात्र घराघरांत निराळा होता.

संपादक मंडळाने मला संस्थेच्या वाटचालीविषयी लिहिण्यास सांगितले होते. वाटचालीविषयी माझ्याहून ज्येष्ठ आणि अधिकारी व्यक्ती लिहितीलच. मी एका अर्जाविषयी लिहिणार आहे, आणि तोही भरला न गेलेल्या अर्जाविषयी.

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. आपल्याच शाळेतून दहावी झालेली एक मुलगी तालुक्याच्या महाविद्यालयात अर्थशास्त्र घेऊन बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला होती. दूरच्या एका नामांकित विद्यापीठाने उन्हाळ्यात सहा आठवड्यांचा अभ्यासवर्ग जाहीर केला होता. तिने प्राध्यापकांच्या सांगण्यावरून नाव पाठवले आणि तिची निवड झाली. निवडीच्या पत्रात शुल्क, निवास आणि भोजन मिळून जी रक्कम लिहिली होती, ती तिच्या आईवडिलांच्या वर्षभराच्या मजुरीच्या निम्म्याहून अधिक होती. त्याच पत्राच्या तळाशी दोन ओळी होत्या : ज्यांना हा खर्च झेपणार नाही त्यांनी अर्थसाहाय्यासाठी स्वतंत्र अर्ज करावा, सोबत उत्पन्नाचा दाखला, शिक्षकाचे शिफारसपत्र आणि आपली निकड सांगणारे एक पान जोडावे.

तिने मला दूरध्वनी केला. ‘सर, हा अर्ज भरला तर झालेली निवड रद्द तर करणार नाहीत ना?’ असे तिने विचारले. घरी वडील म्हणत होते की, आपण कोणापुढे हात पसरायचा नाही. मी तेव्हा परीक्षेच्या कामात होतो. मी म्हणालो, ‘निवड झाली हेच पुष्कळ आहे. पुढच्या वर्षी नीट तयारीने बघू.’ पुढच्या वर्षी तो वर्ग फक्त दुसऱ्या वर्षाच्या विद्यार्थ्यांसाठी असल्याचे कळले, आणि ती तोवर तिसऱ्या वर्षाला गेली होती.

त्याच महाविद्यालयातून आणखी एका मुलाची निवड झाली होती. त्याचे वडील वकील. त्या मुलाने अर्थसाहाय्याचा अर्ज केला आणि त्याचे निम्मे शुल्क माफ झाले. त्याने काही खोटे लिहिले होते असे नाही. घरात एक आजारी आजी होती, एक गृहकर्ज होते, आणि ते त्याने नीट मांडले. अर्ज करणे ही जगातली एक साधी, रोजची गोष्ट आहे हे त्या घराला माहीत होते. आपल्या मुलीच्या घराला ते माहीत नव्हते. ज्याला माहीत असायला हवे होते, त्या इतिहासाच्या शिक्षकाने तिला पुढच्या वर्षाची वाट पाहायला सांगितले.

मागील वर्षी ती शाळेत आली होती. सध्या ती एका सहकारी बँकेत नोकरी करते, घर चालवते, धाकट्या भावाला शिकवते. तिचे काही बिघडले आहे असे कोणी म्हणणार नाही. बोलता बोलता तिनेच ती आठवण काढली आणि हसत म्हणाली, ‘सर, तुम्ही त्या दिवशी फक्त ‘भर’ म्हणाला असता ना, तर मी भरला असता.’ त्या वाक्यात तक्रार नव्हती, आणि म्हणूनच ते अजून मनातून जात नाही.

तिच्या वडिलांच्या वाक्याला मी हसणार नाही. हात न पसरण्यामागे आपल्या समाजाचा एक इतिहास आहे. येसकराची पाळी आली की हातात काठी आणि घोंगडी घेऊन घरोघर भाकरी मागत फिरणारी माणसे आपले आजोबा-पणजोबा होते. ती शिळी भाकरी हा त्यांच्या राबण्याचा मोबदला होता, पण देणाऱ्याने ती दान म्हणून टाकायची आणि घेणाऱ्याने ती ओंजळीत झेलायची, अशी रीत होती. बाबासाहेबांनी महार वतनावर घाव घातला तो याचसाठी. ज्या घरात कोणी तरी ती काठी मोडून चुलीत घातली, त्या घरात ‘मागणे’ हा शब्द कडू लागणारच. माझे आजोबाही त्यांतलेच. लग्नाच्या पंगतीतसुद्धा ते दुसऱ्यांदा भात मागत नसत.

परंतु भाकरी मागणे आणि अर्ज करणे यांत आपण गल्लत करीत आहोत, आणि त्याची किंमत आपली मुले मोजत आहेत. ही गल्लत बाबासाहेबांनी कधी केली नाही. १९१३ साली बडोदा संस्थानाकडून त्यांना जी शिष्यवृत्ती मिळाली ती दरमहा साडेअकरा पौंडांची आणि तीन वर्षांच्या मुदतीची. तिच्यासाठी रीतसर करार झाला होता, आणि परत आल्यावर दहा वर्षे संस्थानाची नोकरी करण्याची अट त्यात होती. म्हणजे तो दोन पक्षांमधील व्यवहार होता. मुदत संपली आणि १९१७ साली लंडनमधील अभ्यास अर्धवट टाकून त्यांना परतावे लागले. १९२० साली ते पुन्हा गेले, ते सिडनहॅम महाविद्यालयातील प्राध्यापकीतून साठवलेले पैसे, शाहू महाराजांचे साहाय्य आणि नवल भथेना या मित्राकडून घेतलेले पाच हजार रुपयांचे कर्ज यांच्या बळावर.

याच काळातील एका पत्राकडे मी वाचकांचे लक्ष वेधू इच्छितो. १९२१ साली बाबासाहेबांनी लंडनहून शाहू महाराजांना लिहून २०० पौंड कर्जाऊ मागितले. कारण होते हुंडणावळीचा दर. १९२० च्या आरंभी दोन शिलिंगांच्याही वर गेलेला रुपया पुढील वर्षी दीड शिलिंगाच्याही खाली आला होता. मुंबईत रुपयांत जमवलेली पुंजी लंडनमध्ये पौंडांत मोजताना वितळून गेली. आणि त्याच सुमारास ते ज्या प्रबंधावर काम करीत होते त्याचा विषय होता रुपयाचा प्रश्न! ग्रंथालयात बसून ज्या घसरणीची मीमांसा करायची, तीच घसरण संध्याकाळी जेवणाच्या खर्चात भोगायची. विद्यार्थ्यांना हा प्रसंग सांगताना मी पूर्वी त्यांच्या कष्टांवर भर देत असे. आता मी पत्रावर भर देतो. त्या काळात पोट मारून दिवस काढणारा हा विद्यार्थी गप्प बसला नाही. त्याने रक्कम ठरवली, कारण लिहिले आणि पत्र टपालात टाकले.

पुढे व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री असताना त्यांनी अस्पृश्य विद्यार्थ्यांच्या उच्च शिक्षणासाठी सरकारी तिजोरीतून तरतूद व्हावी असा आग्रह धरला. मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीची योजना १९४४ साली सुरू झाली. आज महाडीबीटीच्या संकेतस्थळावर आपली मुले जो अर्ज भरतात त्याचे मूळ तिथे आहे. तो अर्ज भरताना कोणाला लाज वाटत नाही, कारण सगळेच भरतात. मग विद्यापीठाच्या उन्हाळी वर्गाचा अर्ज भरतानाच लाज कुठून येते? माझ्या मते ती एकटेपणातून येते. वर्गात चाळीस जण जे करतात ते रिवाज होते, आणि जे एकटीने करावे लागते ते मागणे वाटते.

उन्हाळी शिक्षण म्हणजे श्रीमंतांच्या मुलांचे छंदवर्ग, अशीही एक समजूत आपल्याकडे आहे. तिला उत्तर म्हणून अमेरिकेतील एक उदाहरण देतो. दक्षिणेकडील राज्यांत काळ्या लोकांना गोऱ्यांच्या विद्यापीठांचे दरवाजे बंद होते. तेथील कृष्णवर्णीय शिक्षक वर्षभर शाळेत शिकवीत आणि उन्हाळ्याच्या सुट्टीत उत्तरेकडे जाऊन शिकत. न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठाचे उन्हाळी वर्ग हे त्यांचे एक मोठे ठिकाण होते. बाबासाहेबांचे हेच विद्यापीठ. दक्षिण कॅरोलिनातील सेप्टिमा क्लार्क या शिक्षिका तिथे १९३० च्या उन्हाळ्यात शिकल्या. त्यांना पदवी मिळाली ती १९४२ साली, वयाच्या चाळिशीनंतर. सुट्ट्यांचे तुकडे जोडत जोडत. पुढे टेनेसी राज्यातील हायलँडर लोकशाळेत त्या स्वतः शिकवू लागल्या. १९५५ च्या उन्हाळ्यात त्यांच्या एका शिबिराला माँटगोमेरी शहरातील एक बेचाळीस वर्षांची स्त्री आली. ती एका मोठ्या दुकानात शिवणकाम करीत असे. शिबिराचा खर्च तिला परवडणारा नव्हता. तिच्या ओळखीच्या व्हर्जिनिया डर या बाईंनी खटपट करून तिला शिष्यवृत्ती मिळवून दिली, म्हणून ती दोन आठवडे तिथे राहू शकली. काळे आणि गोरे एका टेबलाशी जेवतात, एका छताखाली राहतात, हे तिने तिथे अनुभवले. त्याच वर्षी १ डिसेंबरला बसमधील आपली जागा सोडण्यास तिने नकार दिला. तिचे नाव रोझा पार्क्स.

शिबिराला गेल्यामुळेच तिने नकार दिला असे मी म्हणणार नाही. इतिहासाचा विद्यार्थी इतक्या सरळ रेषा ओढत नाही. ती त्याआधीपासूनच चळवळीत काम करीत होती. पण ते दोन आठवडे तिला मिळाले याला एक शिष्यवृत्ती कारण झाली, आणि ती शिष्यवृत्ती कोणीतरी तिच्यासाठी मागितली, एवढे निश्चित.

आता आपल्या घरातल्या गोष्टी. बंगळूर, दिल्ली आणि प्रयागराज येथील तीन विज्ञान अकादमी मिळून उन्हाळ्यात दोन महिन्यांच्या संशोधन-शिष्यवृत्त्या देत आल्या आहेत. विद्यार्थ्यांप्रमाणे शिक्षकांनाही त्या मिळतात, हे माझ्या सहकाऱ्यांनी लक्षात घ्यावे. मुंबईची टाटा मूलभूत संशोधन संस्था उन्हाळ्यात विद्यार्थ्यांना बोलावते. अशा योजनांत निर्वाहभत्ता मिळतो, शुल्क नसते. परंतु अर्ज मागवले जातात ते हिवाळ्यात, आणि आपल्या मुलांना उन्हाळ्याची आठवण येते ती उन्हाळा लागल्यावर. आजवर किती मुलांनी मला एप्रिलमध्ये विचारले आहे, ‘सर, सुट्टीत काही करता येईल का?’ त्या वेळी करता येण्याजोगे फक्त मजुरीचे काम उरलेले असते.

कागदपत्रांचेही तसेच. आपल्याकडे तहसील कार्यालयातून मिळणाऱ्या उत्पन्नाच्या दाखल्याची मुदत ३१ मार्चला संपते. उन्हाळी वर्गांच्या साहाय्याची छाननी नेमकी त्या तारखेच्या आगेमागे चालते. जुना दाखला जोडला तर तो बाद ठरतो, नवा अजून निघालेला नसतो. ज्याला हे ठाऊक आहे तो दोन्ही वर्षांचे दाखले तयार ठेवतो. जातीच्या प्रमाणपत्राबाबत आमच्या पिढीचा अनुभव आणखी कडू आहे. धर्मांतरित बौद्धांना राज्याच्या सवलती मिळत, पण केंद्राच्या अनुसूचित जातींच्या यादीत आपला समावेश झाला तो १९९० च्या दुरुस्तीने. तोवर केंद्रीय संस्थेचा अर्ज हाती आला की आमचा हात धर्माच्या रकान्यावर थबकत असे. बौद्ध लिहायचे तर सवलत जाणार, आणि दुसरे काही लिहायचे तर १९५६ नाकारल्यासारखे होणार. माझ्या थोरल्या भावाने तो रकाना खरा भरला आणि जागा सोडली. आजच्या मुलांपुढे तो पेच नाही. रकाना कोरा ठेवण्याचे कारण उरलेले नाही.

यापेक्षा अधिक दोष मी आम्हा शिक्षकांच्या माथी मारतो, तो शिफारसपत्रांबद्दल. ‘सदर विद्यार्थी गरीब व होतकरू असून त्याची वर्तणूक चांगली आहे.’ हे वाक्य मी आयुष्यात शेकडो वेळा लिहिले आहे. शिक्का मारला, सही ठोकली, झाले. ज्या समितीपुढे तीनशे अर्ज आहेत, तिच्यापुढे तीनशे गरीब व होतकरू उभे असतात. हे वाक्य कोणाचेच वर्णन करीत नाही.

दोन वर्षांपूर्वी एका मुलाच्या अर्जासाठी मी पहिल्यांदा निराळे लिहिले. त्याला शेजारी बसवून विचारत गेलो. घरात कमावते किती? आई वर्षातून किती दिवस कामावर जाते? पावसाळ्यात काम नसते तेव्हा घर कशावर चालते? तू मे महिन्यात काम करतोस त्याचे किती मिळतात आणि ते कशासाठी लागतात? मुलगा आधी अवघडला, मग बोलू लागला. मे महिन्यातील त्याच्या मजुरीतून बहिणीची वह्या-पुस्तके आणि पावसाळ्यापूर्वीची घराची शाकारणी होत असे. म्हणजे वर्गाला जाण्याचा खरा खर्च शुल्काएवढाच नव्हता; बुडालेली मजुरीही त्यात होती. आम्ही ते तसेच, आकड्यांसह, एका पानात लिहिले. रडगाणे नाही, विशेषणे नाहीत. विद्यापीठाने शुल्क माफ केले आणि जेवणाचा खर्चही दिला. बुडालेल्या मजुरीचे मात्र कोणी काही दिले नाही, आणि त्या वर्षी ते छप्पर गळले.

हे शेवटचे वाक्य मी मुद्दाम लिहिले आहे. अर्थसाहाय्य मिळाले की प्रश्न सुटला, असे माझे म्हणणे नाही. विद्यापीठाचे साहाय्य एका विद्यार्थ्याला धरून ठरते. आपल्याकडे एका विद्यार्थ्याच्या सुट्टीवर अख्खे घर टेकलेले असते. परदेशात गेलेल्या आपल्या माजी विद्यार्थ्यांनाही याची निराळी ओळख आहे. अमेरिकेत पुष्कळ विद्यापीठांत साहाय्य आणि अध्यापनाचे मानधन नऊ महिन्यांचे असते. मे महिन्यात ते थांबते, खोलीचे भाडे थांबत नाही. उन्हाळ्यासाठी पुन्हा वेगळा अर्ज करावा लागतो आणि परदेशी विद्यार्थ्याला विद्यापीठाच्या आवाराबाहेर वाटेल ते काम करता येत नाही. तिथे शिकणारी आपली एक माजी विद्यार्थिनी मला म्हणाली, ‘सर, वसतिगृहाला कुलूप लागायचे तसेच वाटते इथेही.’

म्हणून माझा आग्रह माजी विद्यार्थी संघाकडे आहे. शाळेच्या प्रवेशद्वारावर कमान उभारण्यासाठी संघाने वर्गणी सुरू केली आहे. मीही माझा वाटा दिला आहे, आणि कमान सुंदरच होईल. तरीही मला विचारायचे आहे की तिच्याआधी उन्हाळ्याचा एक छोटा निधी का उभा राहू नये? त्यातून तीन गोष्टींना पैसे जावेत. एक, प्रवासाचे आणि अनामत रकमेचे आगाऊ पैसे; कारण बहुतेक योजनांत प्रवासखर्च मागाहून मिळतो आणि तिकीट आधी काढावे लागते. ते बिनव्याजी उसने द्यावे आणि परत घ्यावे. भथेनांनी बाबासाहेबांना कर्जच दिले होते, यात कमीपणा कुणाचाच नाही. दोन, घरच्या बुडालेल्या मजुरीचा काही भाग, तोही न मागता. तिसरी गोष्ट पैशांची नाहीच. अर्ज वाचणारी माणसे हवीत. आपल्यात आज बँकेत, महाविद्यालयांत, मंत्रालयात, परदेशात बसलेली माणसे आहेत. मुलाने लिहिलेले एक पान वाचून ‘इथे आकडा लिही, हे वाक्य काढ’ असे सांगायला त्यांना अर्धा तास लागेल.

काही जण म्हणतील की शाळेची जबाबदारी दहावीपर्यंत. नियमाने ती तेवढीच आहे. पण ज्या मुलीने मला फोन केला ती दहावीनंतर चार वर्षांनी केला, कारण तिला विचारायला दुसरे कोणी नव्हते.

डिसेंबरच्या पहिल्या रविवारी सकाळी दहा वाजता शाळेच्या ग्रंथालयात मी बसणार आहे. महाविद्यालयात शिकणाऱ्या आपल्या मुलामुलींनी यावे. सोबत आधार, बँकेचे पासबुक, मागील गुणपत्रिका, जातीचे प्रमाणपत्र आणि असेल तो उत्पन्नाचा दाखला आणावा. पालकांनीही यावे, कारण आकडे त्यांनाच ठाऊक असतात. बँकेत काम करणाऱ्या त्या माजी विद्यार्थिनीला मी विचारले. त्या रविवारी तीही येणार आहे. ती म्हणाली, ‘सर, अर्ज मी वाचेन. तुम्ही फक्त शिफारसपत्रे लिहा.’